सागरी पाणमांजर : एका उशिरा झालेल्या कराराचा इतिहास

कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांत आढळणाऱ्या पाणमांजराचा नातलग असलेले सागरी पाणमांजर उत्तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगत राहते. सील किंवा देवमाशाप्रमाणे त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर नसल्यामुळे थंड पाण्यात ते तग धरते ते मुख्यतः अंगावरच्या विलक्षण दाट केसांच्या, म्हणजे फरच्या, बळावर. आणि हीच फर त्याच्या मुळावर उठली.

व्हिटस बेरिंग यांच्या रशियन मोहिमेचे जहाज 1741 मध्ये एका निर्जन बेटावर फुटले, तेव्हा मोहिमेतील निसर्गशास्त्रज्ञ गेओर्ग स्टेलर यांनी या प्राण्याचे बारकाईने निरीक्षण करून वर्णन लिहिले. परंतु वाचलेले लोक पुढच्या वर्षी कामचाटकाला परतले ते शेकडो कातडी घेऊन, त्यामुळे शास्त्रीय शोध आणि व्यापार यांचा आरंभ एकाच प्रवासात झाला. पुढे रशियन व्यापाऱ्यांनी अ‍ॅल्यूशन बेटांवरील उनांगन लोकांची माणसे ओलीस ठेवून त्यांच्याकडून शिकार करवून घेतली, आणि या समाजाची झालेली हानी प्राण्यांच्या संहारापेक्षा कमी लेखता येत नाही. कॅप्टन जेम्स कुक यांच्या खलाशांनी 1778 मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नूटका येथे घेतलेली कातडी चीनमधील कँटनच्या बाजारात भारी किमतीला विकली गेल्याची वार्ता पसरताच ब्रिटिश आणि बोस्टनची जहाजेही या धंद्यात उतरली. अमेरिकेने 1867 मध्ये अलास्का विकत घेतल्यानंतरही शिकार थांबली नाही.

अमेरिका, रशिया, जपान आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांनी 7 जुलै 1911 रोजी ज्या करारावर सह्या केल्या, तो मुळात फर सीलसाठी होता. सागरी पाणमांजराला त्यात स्थान मिळाले तेही किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडच्या पाण्यापुरतेच, वस्तुतः हा प्राणी वावरतो तो बहुतांशी किनाऱ्याजवळ. त्यामुळे देशांतर्गत कायद्यांची जोड अपरिहार्य होती; कॅलिफोर्नियाने असा कायदा 1913 मध्ये केला. त्या सुमारास सर्व किनाऱ्यांवर मिळून हे प्राणी जेमतेम एक-दोन हजार उरले असावेत असा अंदाज आहे. कॅलिफोर्नियातून तर ते नष्ट झाले असेच बहुतेकांना वाटत होते, परंतु 1938 मध्ये बिग सर येथील दुर्गम किनाऱ्यावर त्यांचा एक लहान कळप लोकांच्या नजरेस पडला.

आपण काय वाचवले, हे करार करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. जेम्स एस्टीस आणि जॉन पाल्मिसानो यांनी अ‍ॅल्यूशन बेटांची तुलना करून 1974 मध्ये दाखवले की, जिथे पाणमांजरे आहेत तिथे सी अर्चिन हे काटेरी, शैवाल खाणारे प्राणी आटोक्यात राहतात आणि केल्पची, म्हणजे समुद्रतळाला धरून उंच वाढणाऱ्या तपकिरी शैवालाची, दाट वने टिकतात; जिथे ती नाहीत तिथे तळ उघडाबोडका पडतो. प्राणी उरला म्हणूनच हे ज्ञान मिळू शकले, आणि अपुऱ्या माहितीवर केलेल्या संरक्षणाचे याहून मोठे समर्थन क्वचितच सापडेल.

सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा व्यापक कायदा अमेरिकेने 1972 मध्ये केला. अलास्कातून पकडून नेऊन सोडलेल्या पाणमांजरांनी वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर पुन्हा मूळ धरले. ओरेगनमध्ये 1970 आणि 1971 साली सोडलेली मात्र काही वर्षांतच नाहीशी झाली आणि त्या किनाऱ्यावर त्यांची कायमची वस्ती अद्याप झालेली नाही.