‘होणे’ या क्रियापदाची हकीकत



शाळेत मी फार शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत, दोन सभांच्या मधल्या वेळात जे वाचले तेच माझे शिक्षण. त्यातली एका क्रियापदाची हकीकत आज सांगतो.

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे व आइसलंड येथील भाषा एकाच जुन्या नॉर्स भाषेच्या लेकी. तिच्यात ‘होणे’ या अर्थी ‘वेर्धा’ असे क्रियापद होते. ते आपल्याला परके नव्हे. संस्कृतातील ‘वर्तते’ त्याच मुळाचे. मूळ अर्थ वळणे. आइसलंडात ते आजही ‘वेर्धा’, भूतकाळी ‘वार्ध’, अनेकवचनी ‘उर्धू’ असे चालते.

स्वीडिश भाषेत मात्र त्याची जागा ‘ब्ली’, भूतकाळी ‘ब्लेव्ह’, याने घेतली. डॅनिशमध्येही तेच झाले. हे आले उत्तर जर्मनीच्या ‘ब्लीव्हेन’वरून. त्याचा अर्थ राहणे, आणि तेही आपल्या ‘लिंपणे’च्या कुळातले: चिकटून राहणारे!

ते आणले हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांनी. चौदाव्या शतकात बेर्गेन बंदरात त्यांची कोठी होती. स्टॉकहोममध्ये जर्मन व्यापारी व कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १३५०च्या सुमाराच्या स्वीडिश नगर-कायद्याप्रमाणे नगरसभेत निम्म्यापर्यंत जर्मन बसू शकत. १४७१च्या ब्रुंकेबेर्गच्या लढाईनंतर त्यांचा तो अधिकार गेला. क्रियापद मात्र राहिले.

यात विचार करण्याजोगे एक आहे. आमच्या गिरणीत ‘लॉक-आऊट झाला’ म्हणतात. ‘लॉक-आऊट’ साहेबाचा, पण ‘झाला’ आपला. नामे बाजारातून येतात. ‘होणे’सारखे क्रियापद बदलायला एका आळीत नांदावे लागते. भाषा हुकमाने बदलत नाही, सहवासाने बदलते.

आणि जुने क्रियापद मेले काय? नाही. नॉर्वेच्या खेड्यांत ते जिवंत होते. ईव्हार ओसेन या गरीब शेतकऱ्याच्या स्वयंशिक्षित मुलाने गावोगाव हिंडून लोकांची बोली टिपली आणि १८४८ साली तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८८५ साली नॉर्वेच्या संसदेने त्या भाषेला राजभाषेच्या बरोबरीचा मान दिला. आज तिला नीनोर्स्क म्हणतात. तिच्यात ‘वेर्ते’ आहे आणि ‘ब्ली’ही चालते, घरचे आणि पाहुणे एका पंक्तीला.

शिकलेल्यांनी टाकलेला शब्द शेतकऱ्याने जपला, तो एका शेतकऱ्याच्याच मुलाने लिहून ठेवला. आपल्या चाळींतली, पाड्यांवरची बोली कोण टिपणार, एवढेच विचारून मी आपली रजा घेतो.