जर्मनी-जपान संबंध (१९३६-१९४१) : करार आणि अविश्वास

बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मनांशी, तर १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे जपान्यांशी लढल्या. त्यामुळे बेळगाव-निपाणी परिसरातील विद्यार्थ्याला हे दोन शत्रू एकाच योजनेने लढत होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. युद्धपूर्व राजनैतिक इतिहास मात्र वेगळे चित्र दाखवतो.

२५ नोव्हेंबर १९३६ रोजी बर्लिन येथे उभय राष्ट्रांत कॉमिन्टर्नविरोधी करार झाला. त्यातील गुप्त कलमांचा रोख सोव्हिएत रशियावर होता. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चीनच्या सैन्याला जर्मन अधिकारीच सल्ला देत होते. १९३८ मध्ये हिटलरने त्यांना परत बोलावले व मांचुकुओला मान्यता दिली. पुढे १९३९ मध्ये जपान खाल्खिन-गोल येथे रशियाशी झुंजत असतानाच, २३ ऑगस्ट रोजी जर्मनीने त्याच रशियाशी अनाक्रमण करार केला. जपानला विश्वासात घेतले नव्हते. पाच दिवसांत हिरानुमा मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

२७ सप्टेंबर १९४० रोजी इटलीसह त्रिपक्षीय करार झाला. तथापि एप्रिल १९४१ मध्ये जपाननेही रशियाशी तटस्थता करार केला. जूनमध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली, तेव्हा जपान बाजूला राहिला. डिसेंबरमधील पर्ल हार्बरच्या हल्ल्याची वेळही त्याने जर्मनीला कळवली नाही.

सारांश, शत्रू समान होते; उद्दिष्टे समान नव्हती. ‘अक्ष राष्ट्रे’ ही संज्ञा शिकवताना हा भेद स्पष्ट करणे आवश्यक ठरते.