भीमेचे पाणी, कुंडलिकेचा खळाळ

रबरी तराफ्यात बसून फेसाळत्या नदीतून वाहत जायचे, हा खेळ म्हटला की आपल्याला हिमालय आठवतो. लडाखमध्ये झंस्कार नदीवर पदुमपासून निमूपर्यंतची सफर कित्येक दिवस चालते. दिवसा वल्ही मारायची आणि रात्री काठावर तंबू ठोकायचा. तिथले पाणी बर्फाचे असते. दिवसभराच्या उन्हाने हिमनद्या वितळतात आणि दुपारनंतर नदी चढू लागते. म्हणजे तराफ्याचे वेळापत्रक सूर्य ठरवतो.

महाराष्ट्रात या खेळासाठी गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेली जागा म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळची कुंडलिका नदी. रावळजे गावापासून खाली सुमारे बारा किलोमीटरच्या टप्प्यात ही सफर होते. इथे बर्फ नाही. कुंडलिका ही मुळात पावसाळी नदी आहे. सह्याद्रीच्या इतर नद्यांप्रमाणे मार्च-एप्रिलमध्ये तिची डबकी व्हायला हवीत. तरीही भर मे महिन्यात सकाळी तिला पाणी येते आणि तराफे निघतात.

हे पाणी येते कुठून? उत्तर शोधायला घाट चढून पूर्वेकडे, थेट शिरूर आणि दौंड तालुक्यांपर्यंत जावे लागते.

एका डोंगराचे दोन उतार

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. इंद्रायणी तुळापूरला, म्हणजे याच्या थोडी वरच, तिला मिळालेली असते. पुण्याहून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ मिळते. (अष्टविनायकातले रांजणगाव वेगळे.) या भागात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो. पण नदीला पाणी देणारा पाऊस इथला नाही. तो लोणावळा, मुळशी या घाटमाथ्यावर पडतो आणि तिथे तो इथल्या आठ-दहापट असतो. भीमाकाठचा शेतकरी पूर्वीपासून जगत आला तो दूरच्या पावसावर.

घाटमाथ्यावर पडलेल्या थेंबाला दोन वाटा असतात. पूर्वेकडे गेला तर मुळा, भीमा, कृष्णा असा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून तो बंगालच्या उपसागराला मिळतो. मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे आणि दौंड पाचशेच्या आसपास. नदीच्या वाटेने या दोहोंत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. म्हणजे किलोमीटरला एक मीटरही उतार मिळत नाही. म्हणूनच दौंडजवळची भीमा संथ असते. शिरापूरहून सिद्धटेकला जाणारे भाविक पूल होण्यापूर्वी साध्या होडीने ती ओलांडत. थेंब पश्चिमेकडे गेला, तर मात्र काही किलोमीटरांतच पाचशे मीटर खाली कोकणात उतरतो.

नदी फेसाळते ती तीव्र उतार, अरुंद पात्र आणि तळातले खडक या तिन्हींमुळे. वेगाने आलेले उथळ पाणी पुढच्या संथ, खोल पाण्यावर आदळले की ते एकदम उंच होते, घुसळते आणि त्यात हवा मिसळते. तो पांढरा रंग हवेच्या बुडबुड्यांचा असतो. हे वर्गात दाखवता येते. नळाची बारीक धार पालथ्या ताटलीवर सोडा. मध्यभागी पाण्याची पातळ, गुळगुळीत चकती दिसते आणि तिच्या कडेला पाणी एकाएकी उंच होऊन कडे तयार होते. तराफ्याला हिसका बसतो तो अशाच, पण मोठ्या, उसळीमुळे.

पाणी उलटे फिरले

घाटाची ही उंची म्हणजे वीज, हे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या उद्योजकांनी ओळखले. गिरण्यांना कोळसा लागत होता आणि तो लांबून आणावा लागे. १९१० मध्ये टाटांची पहिली जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणातून १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले आणि मुळा नदीवरच्या मुळशी धरणातून १९२७ मध्ये भिऱ्याचे. तिन्ही ठिकाणी युक्ती एकच होती. पूर्वेकडे जाणारी नदी अडवायची आणि तिचे पाणी बोगद्यातून, नळांतून पश्चिमेकडे उतरवायचे.

पाचशे मीटर उंचीवरून आलेले पाणी नळाच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरने बाहेर पडू शकते. ही धार चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि आपली जवळजवळ सगळी गती तिथे देऊन टाकते. वापरून झालेले पाणी वीजगृहाखाली पडते, तिथल्या लहान बंधाऱ्यांत साठते आणि पुढे कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडचे तराफे त्यावर चालतात. सहाशे मीटरपैकी पाचशे मीटर वीजगृहाने घेतले. उरलेल्या शंभरेक मीटरवर हा खेळ उभा आहे. झंस्कारचे घड्याळ सूर्य चालवतो, तर कुंडलिकेचे घड्याळ विजेची मागणी आणि बंधाऱ्याचे दरवाजे चालवतात.

मुळशीचे शेतकरी

या पाण्याखाली मुळशी पेट्यातली सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. भातशेतीची ही जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने एका खाजगी कंपनीसाठी घेतली जात होती. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर बसून सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते होते. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’.

काम काही महिने थांबले आणि पुन्हा सुरू झाले. लढा मोडण्याची कारणे केवळ सरकारी दडपशाहीत नव्हती. बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होती. त्यांना रोख मोबदला चालणार होता. कसणाऱ्या कुळांना जमीनच हवी होती. मोबदल्याची रक्कम वाढली तशी ही फट रुंदावत गेली. १९२४ च्या अखेरीस बांधकामावरची आगगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते.

त्या वादात मुळशीचा शेतकरी आणि मुंबईची गिरणी असे दोन पक्ष ठळकपणे दिसतात. तिसरा पक्ष होता तो नदीच्या खालच्या अंगाला, शिरूर-दौंडचा. त्याची जमीन बुडत नव्हती, त्याचे पाणी जात होते. पण ते दूरवर, डोंगराआड जात होते.

तिसऱ्या पक्षाचा हिशेब

हे पाणी किती? कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात या टाटा प्रकल्पांना मर्यादा घातली. कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरी वर्षाला ४२ टीएमसीहून थोडे अधिक. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २.८ कोटी घनमीटर. तुलनेसाठी : पुण्याची तहान आणि दौंड-इंदापूरचा कालवा ज्या खडकवासला साखळीवर अवलंबून आहे, तिच्या चारही धरणांची क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी आहे. दौंडच्या खाली असलेल्या उजनीचा उपयुक्त साठा सुमारे ५३ टीएमसी आहे.

भीमा खोऱ्यात दुष्काळ पडला की हे पाणी पुन्हा पूर्वेकडे सोडा, अशी मागणी होते. ती भावनेने न्याय्य वाटते. पण आकडेमोड करून पाहू.

एक घनमीटर पाणी पाचशे मीटर उतरले की सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. घट-गळती वजा जाता घनमीटरमागे साधारण १.२ युनिट पदरात पडतात. ४२ टीएमसी म्हणजे सुमारे १२० कोटी घनमीटर. त्यापासून वर्षाला दीडशे कोटी युनिटांच्या आसपास वीज होते. ही वीज काही मिनिटांत सुरू-बंद करता येते, त्यामुळे मोठ्या शहराच्या संध्याकाळच्या मागणीला ती फार उपयोगी पडते. पण वीज सूर्यापासून, वाऱ्यापासूनही करता येते. पिकाला पाण्याशिवाय दुसरे काही चालत नाही.

आता शेतीकडून पाहू. उसाला एका हेक्टरला साधारण २५ हजार घनमीटर पाणी लागते, शाळू ज्वारीला पाच हजारांच्या आसपास. कालव्याची गळती सोडून दिली, तर १२० कोटी घनमीटरांत ऊस ४८ हजार हेक्टर भिजेल आणि शाळू २ लाख ४० हजार हेक्टर. म्हणजे पाणी परत आणण्याची मागणी करताना, ते आल्यावर कोणत्या पिकाला आणि किती घरांना द्यायचे, हेही ठरवावे लागेल. कोकणाचाही प्रश्न आहे. कुंडलिकेच्या काठी सिंचन आणि कारखाने याच पाण्यावर वाढले आहेत. शंभर वर्षे वाहिलेल्या पाण्यावर नवे हक्कदार तयार होतात. तराफे चालवणारे त्यांतले सर्वांत अलीकडचे.

शिक्षकांना हा विषय वर्गात नेता येईल. पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या नकाशावर मुळशीपासून दोन रंगांच्या रेषा काढायला सांगा, एक दौंडमार्गे पूर्वेकडे आणि दुसरी भिरा-कोलाड-रोह्यामार्गे रेवदंड्याच्या समुद्राकडे. मग प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे आणि युनिटांच्या आकड्याला १.२ ने भागावे. तेवढी वीज घाटावरच्या पाण्यापासून करायची, तर किती घनमीटर पाणी डोंगरापलीकडे उतरवावे लागेल, ते कळेल. त्या पाण्यात शाळूचे किती क्षेत्र भिजले असते, हे गणित मुले पुढे आपली आपण करतील.