डब्याआधीचा खुराक

व्यायामानंतर थकलेल्या स्नायूंची झीज भरून काढायला तीन अमिनो आम्लांची भुकटी हवीच, हा समज नवा आहे. गरज मात्र जुनीच. अमरावतीत 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि 1936 मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. तेव्हा भुकटीचे डबे नव्हते. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, भिजवलेले बदाम आणि हरभरे. लिटरभर दुधात साधारण 33 ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांत सुमारे 3 ग्रॅम ल्युसिन, म्हणजे डब्यावर मिरवणारे तेच अमिनो आम्ल.

कुणी म्हणेल, दूध-बदाम राजाश्रयाच्या पैलवानांना, गरिबाचे काय? आक्षेप रास्त आहे. पण वऱ्हाड-वर्ध्याच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण शेजारी असतात: ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मेथिओनिन कमी, एकीची उणीव दुसरी भरते. भुकटीने अंगदुखी थोडी कमी झाल्याचे काही प्रयोगांत दिसते, हे खरे. तरी नवा स्नायू घडायला नऊही आवश्यक अमिनो आम्ले लागतात. तीनच आम्लांची भुकटी म्हणजे विटांशिवाय गवंडी.