कर्करोगाची भूमी : परळमधील संशोधनाचा मागोवा

बीज कोणत्या भूमीत पडते यावर त्याचे रुजणे अवलंबून असते, हा दृष्टांत इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कर्करोगास लावला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ मध्ये आलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाचेही अभ्यासक होते. एकच जंतू एका शरीरात मर्यादित राहतो, दुसऱ्यात पसरतो, हे कुष्ठरोगात उघड दिसते. कर्करोगात मात्र 'भूमी'चा विचार दीर्घकाळ मागे पडला, असे म्हणावे लागते.

गाठीभोवतालच्या तंतुपेशी, रक्तवाहिन्या व गाठीला वश झालेल्या प्रतिकारपेशी टी-पेशींना निष्प्रभ करतात. टी-पेशींवरील पीडी-१ हा रोधक गाठीतील पेशीच चेतवतात. तो रोध उठविणारे निव्होलुमॅब सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे. टाटा मेमोरियलच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुख-कंठाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी एका गटास नेहमीच्या औषधांसोबत त्याची केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दशांशाहूनही कमी मात्रा दर तीन आठवड्यांनी दिली गेली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्के होते, ते या गटात ४३.४ टक्के झाले. तरीही त्यातील निम्म्याहून अधिक रुग्ण वर्ष पुरे करू शकले नाहीत. त्यांच्या गाठींची भूमी निराळी होती काय, हा प्रश्न पॅजेटचाच आहे.