टिटवाळ्याची शकुंतला आणि संगीत रंगभूमी

टिटवाळ्यास कण्वाश्रम होता व शकुंतलेने तेथे गणेशाची आराधना करून पती परत मिळविला, अशी स्थानिक आख्यायिका आहे. तिचा ऐतिहासिक आधार शोधणे व्यर्थ; तिचा आशय मात्र विचारणीय आहे. महाभारतातील दुष्यंत सारे स्मरत असूनही पत्नीस नाकारतो. कालिदासाने शाप व मुद्रिका योजून त्यास दोषमुक्त केले. हेच कथानक अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आणले व संगीत नाटकाचा पाया घातला.

पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ (१९०४) या इटालियन ऑपेरातही परित्यक्ता मुलासह पतीची वाट पाहते. तो परततो तो मूल नेण्यासाठी, आणि ती आत्मघात करते. झाँ-पिएर पोनेल यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेल्या तिच्या चित्रपटात मिरेला फ्रेनी नायिका होत्या. येथे शाप नाही; पुरुषास विस्मरणाची सबब मिळत नाही.

हा भेद केवळ देशांचा नव्हे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकात सिंधूसही कोणी तारीत नाही. टिटवाळ्याच्या आख्यायिकेत पुनर्मीलनाचे श्रेय शकुंतलेच्या उपासनेस मिळते. राजाचा जबाब मात्र तेथेही घेतला जात नाही.