सहा आठवड्यांचं अंतर

दरवर्षी 17 सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. भाषणांत निजाम येतो, रझाकार येतात, पोलीस अॅक्शन येते आणि 1948 च्या त्या तारखेला गोष्ट संपते. मला मात्र प्रश्न पडतो तो 18 सप्टेंबरचा. राज्य बदललं, पण कोर्टं, तुरुंग आणि कायदे कालचेच होते. त्यांचं पुढे काय झालं?

निजामाची न्यायव्यवस्था कागदावर मागासलेली नव्हती. 1921 मध्येच तिथे न्यायखातं कार्यकारी यंत्रणेपासून वेगळं करण्यात आलं. ब्रिटिश हिंदुस्थानात ती तेव्हा नुसती मागणी होती. पण सगळ्या कायद्यांच्या वर एका माणसाचं फर्मान होतं.

गंमत अशी, की नव्या राजवटीची सुरुवातही फर्मानानेच झाली. लष्करी गव्हर्नर जयंतनाथ चौधरी यांना कायदे करण्याचे अधिकार निजामाच्या फर्मानाने मिळाले आणि त्यांतून फसली 1358 मध्ये विशेष न्यायाधिकरणं उभी राहिली. मॅजिस्ट्रेटपुढची प्राथमिक चौकशी वगळून थेट खटला चालवायचा, साक्षी शब्दशः न लिहिता टिपणवजा नोंदवल्या तरी चालतील, अशी ती सुटसुटीत पद्धत. या न्यायाधिकरणांपुढे दोन टोकांचे आरोपी उभे राहिले.

एक कासिम रझवी, लातुरात वकिली केलेला रझाकारांचा म्होरक्या. जानेवारी 1948 मधल्या बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्याचं अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. समानतेचा हक्क देणाऱ्या संविधानात अशी वेगळी, तोकडी पद्धत बसते का, हा त्याचा मुद्दा. 1953 मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला, पण पाचांपैकी दोन न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं. त्यांतले एक, विवियन बोस, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. मराठवाड्यात ज्याच्या नावाने लोक घरदार सोडून पळाले, त्याचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने इतकं गांभीर्याने ऐकलं.

दुसरे आरोपी तेलंगणातले कम्युनिस्ट शेतकरी. रझाकारांशी आणि देशमुखांशी लढलेल्या या चळवळीतल्या बारा जणांना फाशीची शिक्षा झाली. आपल्याला धड वकीलही मिळाला नाही, अशी तक्रार त्यांच्या बाजूने झाली. त्यांच्यासाठी इंग्लंडहून डी. एन. प्रिट हे नामांकित बॅरिस्टर आले. पण हैदराबादच्या उच्च न्यायालयाने या शिक्षा डिसेंबर 1949 मध्येच कायम केल्या होत्या. संविधान लागू झालं 26 जानेवारी 1950 ला. त्याआधीच्या निकालावर आपल्याकडे अपील चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अंतर जेमतेम सहा आठवड्यांचं. पुढे या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या, पण ती सरकारची दया होती. कोर्टात दाद मागण्याचा हक्क नव्हे.

हा पेच एकट्या हैदराबादचा नाही. 1989 नंतर पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या तेव्हा तिथेही हाच प्रश्न उभा राहिला. रुमानियाने चाउशेस्कू पतिपत्नींवर नाताळच्या दिवशी घाईघाईने खटला उरकला आणि त्यांना लगेच गोळ्या घातल्या. हंगेरीत 1956 चा उठाव चिरडणाऱ्यांवर खटले भरता यावेत म्हणून संसदेने मुदतीचा कायदा मागाहून सैल केला. तिथल्या घटना न्यायालयाने 1992 मध्ये तो रद्द ठरवला. गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण कायद्याचं राज्य कायदा वाकवून आणता येणार नाही, असा त्याचा अर्थ. उठावात ज्यांची माणसं गेली, त्यांना तो किती कडू लागला असेल!

हैदराबाद या दोहोंच्या मधे कुठेतरी उभं होतं. भारतीय दंडसंहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता इथे 1 एप्रिल 1951 ला लागू झाल्या. म्हणजे मुक्तीनंतर अडीच वर्षांनी. दरम्यान खटले झाले, निकाल लागले, माणसं तुरुंगात गेली.

रझवीला ऐकून घेतलं याची मला खंत नाही, उलट अभिमान आहे. खंत याची, की ते ऐकून घेणं त्या बारा जणांच्या वाट्याला आलं नाही आणि त्याला कारण फक्त कॅलेंडर होतं. 17 सप्टेंबरच्या भाषणांत कधीतरी त्यांचाही उल्लेख व्हावा.